चटई, भोगवटा आणि ‘संशयास्पद’ : बांधकामाच्या परिभाषेची तपासणी

तत्त्वज्ञानाचा माणूस बिल्डिंगवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल, आणि तो रास्त आहे. सिमेंट, सळई, खडी यांबद्दल आम्ही काहीही सांगणार नाही. ते इंजिनिअरांचं काम. आम्ही बोलणार आहोत शब्दांबद्दल. दुकानाचा गाळा, ऑफिस किंवा गोदाम विकताना, भाड्याने देताना, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्याच इमारतीची तपासणी करताना जे शब्द कागदावर येतात ते शब्द काय करतात, एवढाच प्रश्न. ‘काय करतात’ असं मुद्दाम म्हणतो आहोत. या धंद्यातले बरेच शब्द वर्णनाचा आव आणतात आणि प्रत्यक्षात निकाल देतात. किती पैसे मोजायचे, कुणी बाहेर पडायचं, असले निकाल. म्हणून ते तपासून घेतले पाहिजेत.

तपासायला हत्यार हवं. आपल्याकडे ते जुनं आणि चांगलं आहे. न्यायशास्त्रात एखाद्या वस्तूचं लक्षण, म्हणजे व्याख्या, तीन प्रकारांनी बिघडते असं सांगितलं आहे. उदाहरण गाईचं देतात. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. आणि ‘जिचा खूर दुभंगलेला नाही ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. शंभर मार्कांच्या पेपरात हे तीन शब्द विद्यार्थी पाठ करून लिहायचे आणि बाहेर पडल्यावर विसरायचे. कुठल्याही प्रॉपर्टी प्रदर्शनात जाऊन उभे राहा, तिन्ही दोष एकाच स्टॉलवर सापडतील.

सुरुवात चटईपासून करू.

‘कार्पेट एरिया’ला मराठीत ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. शब्द फार गोड आहे. इंग्रजाचा गालिचा गेला आणि आपली चटई आली. कल्पनाही सोपी: जिथे चटई अंथरता येईल तेवढी जागा तुमची. पण ही व्याख्या नव्हती, ही उपमा होती, आणि कित्येक वर्षं लाखो रुपयांचे व्यवहार या उपमेवर चालले. कुणी बाल्कनी धरली, कुणी दाराखालचा उंबरा धरला, कुणी कपाटाचा कोनाडा धरला. शेवटी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो त्याने, व्याख्या बांधून दिली. सदनिकेचं निव्वळ वापरायोग्य क्षेत्र धरायचं. बाहेरच्या भिंतींखालची जागा, सेवा-नलिकांची जागा, खासगी बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खासगी उघडी गच्ची वगळायची. पण आतल्या विभाजक भिंतींखालची जागा मोजायची. व्याख्या म्हणून हे चोख काम आहे. कोण आत, कोण बाहेर, ते स्पष्ट आहे.

आता तीच व्याख्या ‘चटई’ या नावाशेजारी ठेवून बघा. आतल्या भिंतीवर कुणी चटई अंथरत नाही, ती मोजली. बाल्कनीत आणि गच्चीत मात्र उन्हाळ्याच्या रात्री आपण खरोखर चटई अंथरून झोपत आलो, ती वगळली. म्हणजे नाव एकीकडे आणि नावाची वस्तू दुसरीकडे. पारिभाषिक शब्दाचं असं होतं, त्यात बिघडत काही नाही. ‘अणू’ फोडता आला तरी आपण त्याला अणूच म्हणतो. पण अणू विकत घ्यायला कुणी बँकेचं कर्ज काढत नाही. गिऱ्हाईक ‘चटई’ ऐकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चटईच येते, व्याख्या येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही पुढे गेलो असतो. पण मराठी परिभाषेने एक पाऊल आणखी टाकलं आहे. ‘फ्लोअर स्पेस इंडेक्स’, आपला एफएसआय, त्याचं सरकारी मराठी आहे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. इथली चटई कोणती? हा निर्देशांक म्हणजे सर्व मजल्यांवरच्या बांधीव क्षेत्राला भूखंडाच्या क्षेत्राने भागून येणारी संख्या. त्यात बाहेरच्या भिंती मोजल्या जातात. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत तर बाल्कनी आणि जिनेही त्याच हिशेबात येतात. म्हणजे एकाच महापालिकेत, एकाच फायलीत, एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एका चटईत बाहेरची भिंत आहे, दुसरीत नाही. एकीत बाल्कनी आहे, दुसरीत नाही.

परिणाम काय होतो बघा. समजा, हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक एक आहे. सोसायटीतल्या एखाद्या चिकित्सक आजोबांनी सगळ्या दुकानांचं आणि ऑफिसांचं करारातलं चटई क्षेत्र बेरीज करून पाहिलं, तर उत्तर हजार येणार नाही, कमी येईल. आजोबा म्हणणार, उरलेली चटई बिल्डरने खाल्ली. बिल्डर म्हणणार, आजोबांना कळत नाही. दोघंही आपापल्या शब्दाशी प्रामाणिक आहेत. चूक परिभाषा घडवणाऱ्याची आहे. ‘फ्लोअर’ला मराठीत ‘मजला’ आणि ‘जमीन’ असे दोन घरगुती शब्द हाताशी असताना त्याने एक गोड शब्द उचलला आणि दिसेल तिथे अंथरला. अतिव्याप्तीचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात कधी देता आलं नसतं.

याच अंगणातला आणखी एक शब्द: ‘फंजिबल’. मुंबईत २०१२ मध्ये बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे वगैरे फुकटात मिळणाऱ्या जागा निर्देशांकात धरायचं ठरलं आणि भरपाई म्हणून अधिमूल्य घेऊन जादा क्षेत्र देण्याची सोय झाली. निवासी बांधकामाला पस्तीस टक्क्यांपर्यंत. मूळ शब्द रोमन कायद्याच्या परंपरेतला. एक पोतं गहू देणं असेल तर तशाच प्रतीचं दुसरं पोतं देऊन भागतं, म्हणून गहू फंजिबल. इथे हेतू असा की हे जादा क्षेत्र खोलीत वापरा नाहीतर बाल्कनीत, तुमची मर्जी. शब्द बरोबर आहे, पण तो बाजारात आल्यावर त्याचा अर्थ ‘पैसे भरून मिळणारं जादा’ एवढाच उरला. असो.

आता दुकानदाराकडे वळू, कारण चटईने होणारं खरं नुकसान त्याचं आहे. ‘सुपर बिल्ट-अप’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. याचं लक्षण काय? लक्षणच नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, पंपाची खोली, चौकीदाराची केबिन, आणि विकणाऱ्याच्या मनात येईल ते यांचा वाटा तुमच्या गाळ्यात मिळवून जो आकडा येतो तो सुपर बिल्ट-अप. तीनशे चौरस फुटांचा गाळा पाचशेचा होतो. वीस हजार रुपये दराने एक कोटी होतात, आणि तुम्ही प्रत्यक्षात पाय ठेवता त्या जागेचा दर तेहतीस हजारांच्या पुढे जातो. आणि हे वाढवणं किती, ते सांगायला आणखी एक शब्द आहे, ‘लोडिंग’. वरचे दोनशे फूट मूळ तीनशेच्या मानाने मोजले तर लोडिंग सदुसष्ट टक्के. पाचशेच्या मानाने मोजले तर चाळीस टक्के. दोन्ही गणितं बरोबर, दोन्ही बाजारात चालतात, आणि कोणतं सांगायचं ते सांगणारा ठरवतो. तोच अपूर्णांक उलटा केला की त्याला ‘साठ टक्के एफिशिअन्सी’ म्हणतात. म्हणजे चाळीस टक्के जागा तुमच्या हाती येत नाही, या गोष्टीला कार्यक्षमतेचं नाव!

रेराने विक्रीसाठी हे बंद केलं, व्यवहार कार्पेटवर करा म्हणून सांगितलं. आणि या कायद्यातल्या ‘अपार्टमेंट’च्या व्याख्येत दुकान, शोरूम, ऑफिस, गोदाम हे सगळं येतं, हे लक्षात ठेवा, तो फक्त राहत्या घरांचा कायदा नाही. १९६३ चा आपला महाराष्ट्राचा मोफा कायदाही ‘फ्लॅट’ या शब्दात दुकान आणि गोदाम धरत होता. बोलीभाषेत गोदामाला फ्लॅट म्हणणाऱ्याला लोक हसतील, पण कायद्याची अतिव्याप्ती ही ठरवून केलेली, दुर्बळाला आत घेणारी अतिव्याप्ती आहे. दोष नेहमी दोषच असतो असं नाही.

पण रेराच्या ‘अलॉटी’च्या व्याख्येतून भाडेकरू वगळला आहे. आणि ऑफिसांचा मोठा बाजार भाड्याचाच. तिथे आजही ‘चार्जेबल एरिया’ चालतो. आमचं मत विचाराल तर या सगळ्या टोळीतला हाच सर्वांत प्रामाणिक शब्द. तो जागा किती आहे असं सांगतच नाही. पैसे किती फुटांचे घेणार एवढंच सांगतो. त्याच बाजारात ‘बेअर शेल’ आणि ‘वॉर्म शेल’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात नुसता सांगाडा मिळतो. दुसऱ्यात सांगाड्याबरोबर काही मूलभूत सोयी मिळतात, बहुधा वातानुकूलनाची व्यवस्थाही. थंड देशातून आलेला शब्द. आपल्या मुंबईत गार हवा देणाऱ्या जागेला ‘गरम’ म्हणायचं. गंमत सोडा, पण त्या ‘काही सोयीं’ची यादी शब्दात नसते. ती करारात लिहून घ्यावी लागते. ‘ग्रेड ए’चंही तेच. ही श्रेणी कुठल्याही कायद्याने दिलेली नाही; ती दलालांच्या संस्थांनी दिलेली, आपापल्या निकषांची आहे.

परवानग्यांच्या शब्दांवर फार वेळ घालवत नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत इमारत बांधायला जी पहिली परवानगी मिळते तिचं नाव ‘आयओडी’. पूर्ण नाव, इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. म्हणजे नापसंती कळवणारा कागद. १८८८ च्या महापालिका कायद्याचं ३४६ वं कलम. तुमचा आराखडा आम्हाला मान्य नाही, मात्र पुढील अटी पुऱ्या केल्यात तर हरकत नाही, असा त्याचा घाट. लोक हा नापसंतीचा कागद हातात पडला की पेढे वाटतात. असंभव दोष एखाद्या नावात मूर्तिमंत पाहायचा असेल तर तो हा. तरीही या शब्दावर आमचा राग नाही. हा कुणाला फसवत नाही, कारण त्याचा शब्दशः अर्थ कुणीच घेत नाही.

फसवतो तो ‘सीसी’. कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम प्रारंभाचं प्रमाणपत्र, हेही सीसी. कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचं, तेही बोलण्यात सीसी. आरंभ आणि शेवट यांना एकच नाव! वर मुंबईत जोत्यापर्यंतची सीसी वेगळी आणि पूर्ण इमारतीची वेगळी. एजंट म्हणतो, ‘‘काका, सीसी हातात आहे.’’ काकांना वाटतं, इमारत पुरी झाली. एजंट खोटं बोललेला नसतो. आणि मग येतो ‘रेडी पझेशन, ओसी अवेटेड’. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ‘भोगवटा’ हा आपला जुना महसुली शब्द. जागेचा उपभोग घेण्याचा अधिकार. तो कागद नाही म्हणजे जागा वापरण्याचा अधिकार नाही. मग ताबा ‘रेडी’ कसा? न फाटलेल्या खुराची गाय हीच.

एखादा शब्द लोक समजतात तसाच धरायचा की विकणारा म्हणतो तसा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीचं प्रकरण, निकाल ऑगस्ट २०१० चा. इमारतीखाली खांबांवर मोकळी सोडलेली जागा, जिला स्टिल्ट म्हणतात, ती ‘गॅरेज’ आहे म्हणून विकता येते का, असा प्रश्न होता. मोफाच्या व्याख्येत फ्लॅटमध्ये गॅरेज येतं, म्हणून हा खटाटोप. न्यायालयाने सांगितलं, स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. पुढे रेराने गॅरेजची व्याख्याच लिहिली: छप्पर हवं आणि तीन बाजूंना भिंती हव्यात. एका साध्या नामावर एवढी लढाई. ज्यांना शब्दांची चर्चा म्हणजे रिकामा उद्योग वाटतो त्यांनी त्या जागांच्या किमती पाहाव्यात.

आता जरा साइटवर उतरू. तिथला गवंडी काय शब्द वापरतो? भिंत ‘ओळंब्यात आहे’. कोपरा ‘गुण्यात आहे’. फरशी ‘दोन सूत खाली आहे’. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. या शब्दांचं वैशिष्ट्य पाहा: प्रत्येक शब्दात तो तपासायचं साधन आहे. ‘ओळंब्यात आहे’ यावर तुमचा विश्वास नसेल तर दोरी तुम्ही धरा. मालकाने धरली काय, बिगाऱ्याने धरली काय, वजन एकाच दिशेला लोंबतं. ‘ब्रास’ हा शब्दही असाच; वाळू-खडीत शंभर घनफूट, फरशी किंवा गिलाव्याच्या कामात शंभर चौरस फूट. म्हणायला दोन अर्थ आहेत, पण ट्रकजवळ उभा असलेला माणूस घनफूटच समजतो. ब्रासमध्ये फसवणूक होत नाही असं नाही, भरपूर होते. पण ती मापाची फसवणूक असते, शब्दाची नव्हे. टेप लावून पकडता येते. सुपर बिल्ट-अपला टेप कुठून कुठे लावणार?

गवंड्याची भाषा अडाणी आणि ब्रोशरची भाषा शास्त्रीय, असा आपला समज आहे. तो उलटा केला तर सत्याच्या जवळ जाईल.

आता विषयाच्या अवघड भागाकडे येतो. इथे पैशापलीकडचं काही पणाला लागलेलं आहे.

मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो, पाहतो, चाचण्या घेतो, अहवाल देतो. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला या अहवालात तीन प्रमाणं एकापुढे एक उभी दिसतात. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. यंत्राच्या आकड्यावरून आतलं ताडलं ते अनुमान. आणि शेवटी सही-शिक्क्यानिशी जे वाक्य येतं ते शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्या आणि खरं बोलणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर ठेवलेला विश्वास. ज्याच्या हाती इमारतीचं नशीब आहे त्या माणसाने या तिन्हींची सरमिसळ करता कामा नये. अहवाल वाचा, सरमिसळच दिसेल.

प्रत्यक्षापासून बघू. भिंतीत पाण्याने काय केलं यासाठी मराठीत किती शब्द आहेत! ओल येते, पाझर फुटतो, गळती लागते, लोणा लागतो, पोपडे निघतात. ओल जमिनीतून वर चढते. गळती वरून येते. लोणा म्हणजे आतले क्षार बाहेर आले. पोपडा रंगाचा किंवा गिलाव्याचा. पोपडा निघाला म्हणून इमारत पडत नाही. सळईभोवतालचं काँक्रीट खपली होऊन सुटलं, तर तो वेगळा, गंभीर प्रकार. चीर, भेग, तडा यांतही चढती भाजणी आहे. आणि अहवालात काय येतं? ‘सर्वत्र लीकेज व क्रॅक्स आढळले.’ अरे, कोणता क्रॅक? गिलाव्यातला की खांबातला? उभा की आडवा? किती रुंद? काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या भेगेला मुभा आहे, ओलसर जागी ती कमी होते. म्हणजे भेग असणं हा दोष नव्हे. ती किती आणि कुठे हा प्रश्न. ‘सर्वत्र’ हे क्रियाविशेषण तपासणीच्या अहवालात आलं की आम्हाला शंका येते की तपासणी कुठेतरीच झाली आहे.

मग अनुमान. काँक्रीटच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसरीकडे पकडायची आणि वेग काढायचा. आत पोकळी किंवा भेग असेल तर लहर वळसा घालून येते, वेग कमी भरतो. धुरावरून अग्नी, तसं वेगावरून घट्टपणा. १९९२ च्या भारतीय मानकात या वेगाची प्रतवारी होती. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर ‘उत्कृष्ट’, साडेतीन ते साडेचार ‘चांगलं’, तीन ते साडेतीन ‘मध्यम’, आणि तीनच्या खाली... ‘वाईट’ नव्हे. ‘डाउटफुल’. संशयास्पद. २०१८ मध्ये हा विषय दुसऱ्या मानकात नव्याने मांडला गेला, पण आम्हाला या जुन्या शब्दापाशी थोडं थांबायचं आहे.

पहिले तीन शब्द काँक्रीटबद्दल आहेत. चौथा काँक्रीटबद्दल नाही, तो तपासणाऱ्याबद्दल आहे. संशय हा वस्तूचा गुण नसतो, जाणणाऱ्याचा असतो. संध्याकाळी दूर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस, हे कळत नाही. जे उभं आहे ते खांब तरी असतं किंवा माणूस तरी; ते ‘संशयास्पद’ नसतं. न्यायशास्त्रात संशय हा विचाराचा आरंभ मानला आहे: संशय आला, आता पुढे जाऊन पाहा. आणि त्या मानकाचा अभिप्रायही तोच होता. वेग इतका कमी आला तर पुढच्या चाचण्या कराव्या लागतील अशी टीप तिथे होती. शब्द नेमका होता. पण अहवालात उतरताना काय होतं? तक्त्यात ‘डाउटफुल’, निष्कर्षात ‘खराब’, शेवटच्या पानावर ‘धोकादायक’. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य चार पानांत ‘मला नक्की माहीत आहे’ असं झालं, आणि मधल्या पानांवर एकही नवी चाचणी नाही!

हातोडीच्या चाचणीचंही असंच. स्प्रिंगची हातोडी काँक्रीटवर आपटून ती किती उसळते त्यावरून ताकद ताडतात. त्या वेळच्या मानकाने स्वतःच लिहून ठेवलं होतं की या अंदाजाची अचूकता अधिक-उणे पंचवीस टक्के. म्हणजे यंत्राने वीस म्हटलं तर खरी ताकद पंधरा असू शकेल आणि पंचवीसही. सळईच्या गंजासाठी जी विद्युतदाबाची चाचणी करतात तिच्यात उणे साडेतीनशे मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त, उणे दोनशे ते साडेतीनशेच्या मध्ये अनिश्चित. ही शक्यता आहे. सळई किती गंजली हे ती सांगत नाही. चाचण्या वाईट नाहीत. त्या आपली मर्यादा सांगतात. मर्यादा गाळतो तो अहवाल.

आणि मग शब्दप्रमाण. मुंबईत इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून, गरज पडल्यास काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिला वर्ग म्हणजे उत्तम असं समजणारे अजूनही भेटतात, रेल्वेची सवय. हे चार वर्ग बारकाईने वाचा. यांतला एकही वर्ग इमारतीची स्थिती सांगत नाही. प्रत्येक वर्ग कृती सांगतो: पाडा, हलवा, दुरुस्त करा. म्हणजे निदान आणि उपचार एकाच अक्षरात कोंबले आहेत. ताप किती आहे हे न लिहिता डॉक्टरांनी नुसतंच ‘ऑपरेशन’ लिहावं, तसं.

याने काय फरक पडतो? समजा, जुन्या बाजारातली तळमजल्यावर दुकानं असलेली भाडेकरूंची इमारत आहे. मालकाच्या इंजिनिअरचा अहवाल म्हणतो सी-१. भाडेकरूंच्या इंजिनिअरचा अहवाल म्हणतो सी-२बी. अशी प्रकरणं इतकी होतात की महापालिकेला त्यासाठी तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागली आहे. सी-१ लागला की महापालिका कायद्याच्या ३५४ व्या कलमाची नोटीस येते, आणि महापालिकेने पाडायचा आदेश दिलेली जागा भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाला परत मागता येते. एका अक्षराने आणि एका आकड्याने दुकान जातं. आता दोन्ही अहवाल शेजारी ठेवा. खांब तेच, आकडेही बरेचसे जवळपास. फरक आकड्यांत नाही, आकड्यांनंतर आलेल्या शब्दांत आहे. एकाने ‘संशयास्पद’चा अर्थ ‘पाडा’ असा लावला, दुसऱ्याने ‘प्लास्टर मारा’ असा. दोघांनीही ‘अजून तपासा’ असा लावला नाही.

इथे कुणी म्हणेल की तुम्ही भाडेकरूंची बाजू घेताय. नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तेहतीस माणसं गेली. ‘दुरुस्तीयोग्य’ हाही शब्दच आहे, आणि तो जास्त जीवघेणा ठरू शकतो. इमारतीला आपला वर्ग माहीत नसतो. म्हणून तर शब्द घासून घ्यायचा. ज्या अहवालात प्रत्यक्ष, अनुमान आणि निर्णय वेगळे लिहिलेले नाहीत तो अहवाल खोटा नसेलही, पण त्याच्याशी वाद घालता येत नाही. आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही त्याच्या आधारे कुणाला बाहेर काढू नये, तसंच कुणाला आत ठेवूही नये.

‘इमारतीची अवस्था अत्यंत जीर्ण व धोकादायक असून ती केव्हाही कोसळू शकते’ हे वाक्य कुठल्याही इमारतीबद्दल लिहिता येतं. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘तळमजला, जिन्यालगतचा खांब; पूर्वेच्या अंगाला जमिनीपासून दोन फुटांवर काँक्रीट सुटले आहे, तीन सळया उघड्या आहेत, सळईची जाडी इतकी उरली आहे; ध्वनिलहरीच्या चाचणीत वेग इतका; शेजारचा खांब दुकानाच्या फर्निचरमुळे तपासता आला नाही.’ यातला शेवटचा तुकडा सर्वांत मोलाचा. काय पाहता आलं नाही हे लिहिणारा इंजिनिअर भेटला तर त्याला सोडू नका.

आणि इमारत खरोखरच पाडायची ठरली तर एक राहतं. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास होतो तेव्हा नियमाप्रमाणे दुकानदाराला नव्या इमारतीत त्याच्या जुन्या जागेएवढी जागा मिळायची असते. किती होती ही जुनी जागा? ती पाडण्याआधी मोजून ठेवलेली असली पाहिजे, कारण पाडल्यावर मोजायला काही उरत नाही. जुन्या इमारतीत दीड-दोन फुटी भिंती, पोटमाळा, पुढचा ओटा. म्हणजे आपण फिरून चटईपाशी आलो, आणि या वेळी व्याख्या विचारायला वेळ नसतो. मोजणीला माणूस येईल त्या दिवशी तिथे हजर राहा. टेप भिंतीच्या आतून लावली की बाहेरून, पोटमाळा धरला की सोडला, ओटा धरला की सोडला, हे मोजणाऱ्याकडून तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि त्या कागदावर ‘चटई क्षेत्र’ एवढंच लिहिलं असेल तर सही करण्याआधी विचारा: कुठली चटई?

आता आपले प्रश्न घेऊ.